‘स्वभावच बदललाय’ असं म्हणण्याआधी: लिव्हरचा कॅन्सर आणि मन

लिव्हरच्या कॅन्सरचा पेशंट दिवसभर डुलक्या काढतो. रात्री दोनला उठून कपाटं उघडतो. नातवावर विनाकारण खेकसतो, आवडीची मालिका लावून दिली तरी भिंतीकडे बघत बसतो. घरच्यांचं निदान तयार असतं: ‘धक्का बसलाय, खचलाय.’ कधी ते बरोबर असतंही. पण या आजारात पहिला प्रश्न जरा वेगळा विचारावा लागतो: गेल्या दोन-तीन दिवसांत पोट साफ झालंय का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण त्यामागे सरळ कारण आहे. लिव्हरच्या पेशींपासून सुरू होणारा कॅन्सर, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, बहुतेक वेळा आधीच खराब झालेल्या लिव्हरमध्ये होतो. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, नाहीतर मधुमेह-लठ्ठपणासोबत येणारं फॅटी लिव्हर, यांपैकी कशाने तरी वर्षानुवर्षं व्रण पडत गेलेले असतात आणि सिरॉसिस झालेला असतो. म्हणजे माणसाला एकाच वेळी दोन आजार असतात: एक गाठ, आणि दुसरं ती गाठ ज्यात बसली आहे ते थकलेलं लिव्हर. जगात २०२२ साली लिव्हरमध्येच सुरू होणाऱ्या कॅन्सरचे, सगळे प्रकार धरून, साडेआठ लाखांहून जास्त नवे रुग्ण झाले असा अंदाज आहे. त्यांच्या मनाविषयी बोलताना मात्र हा दुसरा आजार हमखास विसरला जातो, आणि मेंदूशी खेळतो तो हाच.

आतड्यातले जिवाणू अमोनिया तयार करतात. निरोगी लिव्हर त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. सिरॉसिसमध्ये हे काम मंदावतं, शिवाय काही रक्त लिव्हरला वळसा घालून थेट पुढे जातं. अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो, तिथल्या आधार देणाऱ्या पेशी सुजतात आणि माणूस ‘वेगळा’ वागू लागतो. याला हिपॅटिक एन्सेफॅलोपथी म्हणतात. सुरुवात फार बारीक असते. झोप उलटी होते, चिडचिड वाढते, हिशेब चुकतात, बोलताना शब्द सापडत नाहीत. पुढे तारीख-वार गोंधळतो. ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे दोन्ही हात पुढे ताणून पंजे वर करायला सांगितलं, तर पंजे मधूनच झटका देऊन खाली पडतात. त्याच्याही पुढे गुंगी आणि बेशुद्धी.

घरी ओळखायची एक सोपी युक्ती आहे, आणि ती यंत्राशिवाय चालते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी त्या दिवसाच्या चौकटीत पेशंटला स्वतःची सही करायला सांगायची. पहिल्या आठवड्यातली सही हीच मोजपट्टी. पुढे एखाद्या दिवशी सही चौकटीबाहेर जाते, एखादं अक्षर गळतं, शेवटचा फाटा थरथरतो. वागण्यात ठळक बदल दिसायच्या आधीच पुष्कळदा हे दिसतं. दुसरी युक्ती: एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं सांगता येतील तितकी सांगायला लावायची. दहाही जमली नाहीत तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं. दहा ते पंधराच्या मध्ये असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करावा. शिक्षण कमी असेल किंवा वय जास्त असेल तर आकडा मुळातच कमी येतो, म्हणून कालच्या स्वतःच्याच आकड्याशी तुलना करणं जास्त भरवशाचं.

हा गोंधळ उगाच होत नाही, त्याला काहीतरी निमित्त लागतं. सगळ्यात साधं निमित्त बद्धकोष्ठ. बाकीची म्हणजे पोटातल्या पाण्यात झालेला जंतुसंसर्ग, आतल्या आत रक्तस्राव (शौच डांबरासारखी काळी होते), उलट्या-जुलाबाने पाणी कमी होणं, लघवी होण्याच्या गोळ्या जास्त होणं आणि झोपेच्या गोळ्या. शेवटचं निमित्त घरातूनच येतं. ‘रात्रभर जागतात हो’ म्हणून ओळखीच्या केमिस्टकडून अल्प्राझोलामची पट्टी आणली जाते. खराब लिव्हरला ती गोळी लवकर निकालात काढता येत नाही, ती साठत जाते, आणि दोन दिवसांनी पेशंट उठवूनही उठत नाही. डायझेपामचंही तेच. खोकल्या-सर्दीच्या झोप आणणाऱ्या औषधांबाबतही तशीच सावधगिरी बाळगावी.

उपचाराचं मुख्य औषध म्हणजे लॅक्ट्युलोज, गोड पातळ सिरप. आतड्यातले जिवाणू ते खाऊन आम्ल बनवतात, त्या आम्लात अमोनियाचं रूप असं बदलतं की तो रक्तात शिरू शकत नाही, आणि मग शौचावाटे बाहेर पडतो. साधारण १५ ते ३० मिलि दिवसातून दोन-तीन वेळा देतात. पण लक्ष बाटलीवरच्या खुणेकडे ठेवायचं नाही, शौचाकडे ठेवायचं. दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ शौच व्हावी, इतकाच डोस. इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. लग्नाला जायचंय, एसटीचा प्रवास आहे, ओपीडीत चार तास बसायचंय, म्हणून पेशंट गुपचूप डोस गाळतो आणि परवा गोंधळतो. उलट काही घरांत ‘जास्त साफ तितकं चांगलं’ म्हणून सहा-सात पातळ जुलाब होऊ देतात. मग अंगातलं पाणी आणि पोटॅशियम घटतं आणि तीच एन्सेफॅलोपथी मागच्या दाराने परत येते. सिरपची चव नकोशी झाली तर पाण्यात मिसळून घ्यावं. वारंवार त्रास होत असेल तर डॉक्टर रिफॅक्सिमिन ही गोळी जोडतात, बहुधा ५५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा.

आता खऱ्या नैराश्याकडे येऊ, कारण तेही या पेशंटांत भरपूर आढळतं आणि ‘अमोनिया असेल’ म्हणून ते टाळणंही तितकंच वाईट. दोन्हींतला फरक जवळून पाहिला तर दिसतो. नैराश्यातला माणूस ‘आज काय वार?’ विचारल्यावर कंटाळून का होईना, बरोबर सांगतो. एन्सेफॅलोपथीतला चुकीचा वार सांगतो आणि त्याचं त्याला काहीच वाटत नाही. नैराश्य आठवड्यांच्या गतीने उतरतं. अमोनिया तासातासाला रंग बदलतो, सकाळी ठीक आणि संध्याकाळी परका. नैराश्यात अपराधीपणा बोलतो: ‘माझ्यामुळे पोरांचे पैसे गेले.’ दोन आठवडे किंवा जास्त काळ, दिवसातला बहुतेक वेळ मन उदास राहणं, किंवा कशातच रस न वाटणं, या दोनांपैकी एक असेल तर नीट तपासणी व्हायला हवी.

तपासणीसाठी प्रश्नावल्या असतात, आणि त्यांचीही एक मेख आहे. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत १० किंवा जास्त गुण आले तर पुढे तपासा असं सांगतात. पण तिच्यात थकवा, भूक, झोप यांचेही प्रश्न आहेत, आणि सिरॉसिसच्या पेशंटला हे तिन्ही त्रास मन अगदी प्रसन्न असतानाही असतातच. त्यामुळे गुण फुगतात. ‘हॅड्स’ नावाची १४ प्रश्नांची प्रश्नावली शरीराची लक्षणं मुद्दाम वगळते. तिच्यात चिंता आणि नैराश्य यांचे वेगळे गुण निघतात, दोन्ही २१ पैकी. ८ पासून शंका धरतात, ११ पासून त्रास असण्याची शक्यता बरीच. या आजारात हीच जास्त उपयोगी वाटते. गर्दीच्या ओपीडीत यातलं काहीच जमत नसेल तर ० ते १० चा ‘त्रासाचा थर्मामीटर’ दाखवून ‘गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला?’ एवढं विचारलं तरी चालतं. ४ किंवा जास्त आलं तर थांबून बोलायचं.

तिसरी एक जागा आहे जिथे सगळेच फसतात: थायरॉइड. या कॅन्सरवरच्या लेन्व्हॅटिनिब, सोराफेनिब या गोळ्यांनी आणि इम्युनोथेरपीने (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागं करणाऱ्या औषधांनी) थायरॉइड मंदावू शकतं. मग थकवा, सुस्ती, उदासी, थंडी सहन न होणं. टीएसएच ही थायरॉइडची साधी रक्ततपासणी यातला बराच गोंधळ मिटवते. रक्तातलं सोडियम आणि हिमोग्लोबिनही त्याच वेळी पाहून घ्यावं. इम्युनोथेरपीच्या दुष्परिणामांवर स्टेरॉइड सुरू केलं असेल तर झोप उडणं आणि मन सैरभैर होणं त्यामुळेही असू शकतं. ही सगळी चाळणी लावल्यावर उरतं ते मनाचं दुखणं, आणि त्याला रीतसर उपचार आहेत.

औषधं देता येतात, फक्त लिव्हर बघून. एस्सिटालोप्राम द्यायचं तर कमी डोसवर थांबतात, सहसा १० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. मिर्टाझापिन रात्री कमी प्रमाणात दिल्यास भूक आणि झोप दोन्हींना हातभार लागतो. ड्युलोक्सेटिन लिव्हरच्या आजारात टाळतात. एस्सिटालोप्रामच्या गटातल्या गोळ्यांनी रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते, म्हणून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांची माहिती मानसोपचारतज्ज्ञांना द्यायलाच हवी. एंडोस्कोपीचा कागद फाइलच्या तळाशी असतो. या भेटीला जाताना तो सगळ्यात वर ठेवा. औषधाचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, हे आधी सांगितलं नाही तर पाचव्या दिवशी गोळी बंद होते.

बोलण्यातून होणारे उपचारही उपयोगी पडतात, पण ज्याचं लक्ष दहा मिनिटं टिकत नाही त्याला तासाभराचं समुपदेशन म्हणजे शिक्षाच. वीस मिनिटांची बैठक, सकाळच्या वेळी, सोबत एक घरचं माणूस, आणि शेवटी ठरलेलं एखादंच काम कागदावर: ‘रोज साडेआठला गच्चीत दहा मिनिटं फेरी.’ मन लागलं की करू, असं म्हणत बसलं तर ते लागत नाही. आधी काम, मग मन, हा क्रम नैराश्यात खरा ठरतो.

जीवनमान, म्हणजे रोजचं जगणं किती सुसह्य आहे हे मोजायलाही साधनं आहेत. युरोपात तयार झालेली ३० प्रश्नांची क्यूएलक्यू-सी३० ही प्रश्नावली मराठीतही आहे, आणि तिला जोडून खास लिव्हरच्या कॅन्सरसाठी १८ प्रश्नांची पुरवणी आहे. दुसरी ४५ प्रश्नांची फॅक्ट-हेप. हे मोजायचं कशाला? स्कॅनवर गाठ लहान होणं आणि माणसाला बरं वाटणं या दोन गोष्टी नेहमी सोबत जात नाहीत म्हणून. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब हे जोड-औषध २०२० मध्ये सोराफेनिबपेक्षा सरस ठरलं, ते आयुष्य वाढवण्यात तर ठरलंच. पण जीवनमान घसरायला लागेपर्यंतचा मध्यक काळही ११.२ महिने होता, सोराफेनिबवर तो ३.६ महिने होता. उपचार निवडताना हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा हक्क पेशंटला आहे: ‘याने मी किती दिवस माझं मी करू शकेन?’

जीवनमान सगळ्यात जास्त ओढून खाली नेतो तो थकवा. यातला बराचसा भाग स्नायू झिजल्याचा असतो, आणि स्नायू झिजतात त्याला आपल्याकडचं जुनं पथ्यही हातभार लावतं. ‘लिव्हर खराब आहे, डाळ-अंडी बंद, नुसती पेज द्या’ हे चुकीचं आहे. एन्सेफॅलोपथी असतानाही प्रथिनं तोडायची नसतात. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. अंड्यात साधारण ६ ग्रॅम, मोठ्या ग्लासभर दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. घट्ट वरणाच्या वाटीत ७-८. बेरीज करून पाहिली की दोन वेळच्या पेजेने काय होत असेल ते कळतं. दुसरं, सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा तुटपुंजा असतो. निरोगी माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर त्याचं शरीर जे करतं, ते या पेशंटचं शरीर एका रात्रीच्या उपवासात करतं: स्नायू मोडून खातं. म्हणून झोपण्याआधी सुमारे ५० ग्रॅम पिठूळ पदार्थ पोटात जावेत. दोन पोळ्या आणि कपभर दूध घेतलं तर जवळपास तेवढं होतं. मधुमेह असेल तर डॉक्टरांशी बोलून. आणि संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार? देवघरात बसून जप करायला हरकत नाही. उपवास घरातल्या दुसऱ्या कुणीतरी धरावा.

पोटात पाणी झालं की श्वास अडतो, कुशीवर वळता येत नाही, जुना शर्ट बटणं लागेनासा होतो आणि माणूस लोकांत जाणं टाळतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, सुकट सगळं धरून. बाजारात मिळणारं ‘कमी सोडियमचं’ मीठ मात्र मनाने सुरू करू नये. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी होण्याची गोळी चालू असताना ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. लघवीच्या गोळ्या सकाळी घ्याव्यात, नाहीतर आधीच मोडलेली झोप आणखी मोडते. सुईने पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) शिरेतून देतात. खर्च वाचवायला ते गाळलं तर पुढे किडनी अडचणीत येते. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांची छाती फुगते आणि दुखते. हे बायकोलाही न सांगणारे पुरुष पुष्कळ. सांगितलं तर गोळी बदलता येते.

सोराफेनिबसारख्या गोळ्यांनी पहिल्या काही आठवड्यांत तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात. भाकरी थापणारी बाई तव्यापासून दूर होते, शेतकरी खुरपं धरू शकत नाही. हातातलं काम गेलं की माणूस स्वतःच्या नजरेतून उतरतो, आणि इथे त्वचेचं दुखणं मनाचं होऊन बसतं. १० टक्के युरियाचं क्रीम पहिल्या दिवसापासून, मऊ चप्पल, गरम पाण्यापासून लांब. तरी वाढलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा काही दिवस थांबवतात. ‘सांगितलं तर औषध बंद करतील आणि मग मी मरेन’ या भीतीने लोक हे लपवतात, आणि मग खरोखरच औषध पूर्ण बंद करायची वेळ येते.

गाठीचा रक्तपुरवठा तोडणाऱ्या ‘टेस’ या उपचारानंतर काही दिवस ताप, पोटदुखी, मळमळ होते. हे आधी माहीत नसेल तर घरात ‘कॅन्सर फुटला’ अशी घबराट उठते. तापाला पॅरासिटामोल चालतं, दिवसाला २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही वेदनाशामकं नकोच. ताप वाढत गेला, थंडी वाजली किंवा कावीळ दिसली तर मात्र लगेच दवाखाना. दर दोन-तीन महिन्यांच्या स्कॅनआधीचे आठ दिवस वेगळ्याच तणावाचे असतात. त्या आठवड्यात घरात पैशांचे नि वाटणीचे विषय काढू नयेत, आणि रिपोर्ट कोणत्या दिवशी, कोण समजावणार हे आधीच ठरवून घ्यावं. एएफपीचा (या कॅन्सरमध्ये रक्तात बऱ्याचदा वाढणाऱ्या प्रथिनाचा) आकडा मोबाइलवर बघून स्वतःच निकाल लावायचा नाही. हिपॅटायटिस उसळला तरी तो वाढतो.

कलंकाविषयीही बोलायला हवं. लिव्हरचा आजार म्हटलं की लोक दारू धरून चालतात, मग पेशंटने आयुष्यात थेंबही घेतलेला नसो. ज्याने घेतली त्याला तर सहानुभूती मागायचीही लाज वाटते. हिपॅटायटिस बी असलेल्यांच्या घरात ताट-वाटी वेगळी होते, नात उचलून घेता येत नाही. बी हा आजार रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवून किंवा मिठी मारून होत नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर तेवढे वेगळे ठेवावेत. घरच्या सगळ्यांनी रक्त तपासावं आणि ज्यांना गरज आहे त्यांनी ०, १ आणि ६ महिने अशी लस घ्यावी. सरकारच्या २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

‘त्यांना सांगू नका, धसका घेतील’ हे वाक्य डॉक्टरांच्या दाराबाहेर रोज ऐकू येतं. हेतू प्रेमाचाच असतो. पण पेशंटला वॉर्डची पाटी वाचता येते, शेजारच्या खाटेवरचा माणूस बोलतो, आणि त्याला कळतं की सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. मग तोही माहीत नसल्याचं सोंग घेतो. यातून सुटायला सगळं एकदम सांगायची गरज नसते. ‘रिपोर्टविषयी तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? की मुलाशी बोलू?’ एवढं विचारून उत्तर येईल तितकंच पुढे जायचं.

मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारावं. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट ओझं हलकं होतं. ‘हो’ आलं तर पेशंटला एकटं सोडू नये, गोळ्यांचे साठे नि शेतातली औषधं कुलपात ठेवावीत, आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. सांभाळणाऱ्या माणसानेही तो वापरावा. रात्री जागणारी, अंथरूण धुणारी, चिडलेल्या पेशंटच्या शिव्या खाणारी बहुधा एकच बाई असते; आठवड्यातल्या दोन रात्री तरी दुसऱ्या कुणाच्या नावावर लिहून टाकाव्यात.

प्रत्यारोपणासाठी लिव्हरचा तुकडा देणाऱ्या नातेवाइकालाही एकांतात, पेशंट आणि बाकी कुटुंब बाहेर ठेवून, ‘तुम्हाला खरंच द्यायचंय का?’ असं विचारलं गेलं पाहिजे. नको असेल तर कारण कुटुंबाला न सांगता डॉक्टर ‘दाता म्हणून योग्य नाही’ इतकंच कळवू शकतात.

गाडी चालवणं, गॅसजवळ एकटं उभं राहणं, बँकेत सही करणं हे एन्सेफॅलोपथीच्या काळात थांबवावं. नॉमिनी, मृत्युपत्र, व्हेंटिलेटर हवा की नको, या गोष्टी पुढे ढकलायच्या नसतात, पण त्या कुठल्याही दिवशी करायच्याही नसतात. कॅलेंडरवरची सही चौकटीत नीट बसली आहे अशी सकाळ निवडायची, आदली रात्र झोपेत गेलेली असावी, आणि साक्षीदाराला नाश्त्यालाच बोलवून घ्यायचं.